८० लाख : बाणेरला वन बीएचके, की दुबई-बातुमी-फुकेतला स्टुडिओ?

टेकडी_रोज :
सेनापती बापट रस्ता नाहीतर कोरेगाव पार्क, शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉटेलात परदेशी फ्लॅटचं प्रदर्शन असतंच. दुबई, जॉर्जियातलं बातुमी, फुकेत, बाली. चहा-सामोसे फुकट आणि "८ टक्के भाडं गॅरंटीड". माझं मत असं की पुण्यातला फ्लॅट भाड्याच्या हिशेबात बसतच नाही, त्यामुळे बाहेर बघण्यात मुळात चूक काही नाही. पण माहितीपत्रकात जे छापत नाहीत ते इथे लिहा. गृहीत धरा : रक्कम ८० लाख, कर्ज नाही, राहायला जायचं नाही, १० वर्षांनी विकायचं. पैसे नक्की कुठे अडकतात?

खर्डेघाशी :
आधी वाघोलीला टँकरशिवाय पाणी येऊ दे, मग बातुमीच्या समुद्राचं बघू.

हिशेबी :
पहिल्यांदा पैसे भारतातच अडकतात, म्हणून तिथून सुरुवात.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात आणि त्यातून घर घेता येतं. बँकेत ए२ फॉर्म आणि पॅन लागतं. पर्पज कोड एस०००५, म्हणजे परदेशी स्थावर मालमत्ता. घरखर्च, भेट असा दुसरा कोड टाकून पैसे पाठवायचा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नका. विक्रीचे पैसे परत आणताना मूळ कागद जुळत नाहीत आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली खुलासे देत बसावं लागतं.

आता टीसीएस. वर्षाला १० लाखांच्या वर जी रक्कम जाते तिच्यावर बँक २० टक्के कापून घेते. ८० लाख पाठवायचे तर ७० लाखांवर १४ लाख. म्हणजे खात्यात ९४ लाख हवेत. हा खर्च नव्हे, आगाऊ कर आहे. आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या तक्त्यात (आतापर्यंत २६एएस) दिसतो आणि आगाऊ कराच्या हप्त्यात वळता करता येतो. नोकरदाराने कंपनीला कळवलं तर पगाराच्या टीडीएसमध्येही धरतात. पण तुमचा वर्षाचा कर ४ लाख असेल तर उरलेले १० लाख परताव्याची वाट बघत पडून राहणार. प्रदर्शनातल्या तक्त्यात ही ओळ नसते.

टेकडी_रोज :
नवराबायकोने निम्मे निम्मे पाठवले तर?

हिशेबी :
१० लाखांची सूट दोघांना वेगवेगळी. म्हणून टीसीएस ६ आणि ६, एकूण १२ लाख. मात्र दोघांची नावं खरेदीखतावर मालक म्हणून हवीत. मालक एकटा आणि पैसे चौघांच्या मर्यादेतून, हे चालत नाही. आणि पत्नीला पैसे नवऱ्यानेच भेट दिले असतील तर तिच्या वाट्याचं भाडं करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. नावं दोन, कर एकाला.

आणखी एक. एलआरएसखाली असल्या भांडवली व्यवहाराला इथल्या बँकेचं कर्ज चालत नाही. "बुकिंगपुरतं क्रेडिट कार्ड स्वाइप करा" हेही नाही.

चौथरा :
सगळे घाबरवायलाच बसलेत, म्हणून दुबईची चांगली बाजू मांडतो. २००६ च्या कायद्याने ठरवून दिलेल्या भागात परदेशी माणसाला कायमची मालकी मिळते, भाडेपट्टा नव्हे. २००७ पासून प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र एस्क्रो खातं (ग्राहकांचे पैसे त्याच प्रकल्पासाठी वापरता येतील असं) सक्तीचं आहे. आपल्याकडे महारेरा २०१७ ला आलं आणि तिथेही बिल्डरला ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतले ७० टक्केच वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. दुबईत बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची नोंदही लँड डिपार्टमेंटकडे होते, त्याला ऊकूद म्हणतात. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला. २०१४ च्या मध्यात डॉलर साधारण ६० रुपयांना होता, २०२५ च्या मध्यात ८५ च्या पुढे. घराची किंमत जागची हलली नाही तरी रुपयात वर्षाला सव्वातीन टक्के वाढ झाली. ओढ आहे ती याची, बुर्ज खलिफाची नाही.

तपासायचं काय : एजंटचा रेरा (मालमत्तेसाठीचं तिथलं नियामक खातं) नोंदणी क्रमांक, जाहिरातीचा परवाना क्रमांक, आणि प्रकल्पाचा एस्क्रो खाते क्रमांक. हे दुबई रेस्ट ॲपवर पडताळून बघता येतं. पैसे त्याच खात्यात जायला हवेत. एजंट कंपनीच्या खात्यात एक दिरहमही नाही.

काटकोन :
चौथरा यांचं कायद्याबद्दलचं बरोबर. आता ८ टक्क्यांचं गणित उलगडू.

८० लाखांचे साधारण सव्वातीन लाख दिरहम होतात. त्यात ४०० चौरस फुटांचा स्टुडिओ मिळाला असं धरा. लँड डिपार्टमेंटची फी ४ टक्के, १३,०००. दलाली २ टक्के, वर ५ टक्के व्हॅट, ६,८२५. ट्रस्टी ऑफिसचे, म्हणजे खरेदीची नोंद करणाऱ्या कार्यालयाचे, किरकोळ वेगळे. खरी किंमत ३.४५ लाखांच्या पुढे गेली.

भाडं २४,००० दिरहम धरू, म्हणजे कागदावर ७.४ टक्के. त्यातून एक महिना रिकामा, २,०००. सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीचा मेंटेनन्स, फुटाला १५ धरला तर ६,०००, आणि हा मालकानेच भरायचा. व्यवस्थापन करणाऱ्याचे १,५००. उरले १४,५००, म्हणजे ४.२ टक्के.

आता लोक विसरतात तो भाग. दुबईत भाड्यावर आयकर नाही, पण तुम्ही भारताचे निवासी. जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. आलेल्या २२,००० मधून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन १५,४०० वर ३१.२ टक्के (३० टक्के कर आणि त्यावर उपकर), म्हणजे सुमारे ४,८००. सर्व्हिस चार्जची वेगळी वजावट नाही. हातात ९,७००. २.८ टक्के! ८ चे २.८ होईपर्यंत कुणी खोटं बोललेलं नाही, फक्त पुढचं सांगितलं नाही.

खर्डेघाशी :
म्हणजे सामोसे फुकट नव्हते.

मुळामुठा :
काटकोन, हाच चाकू बाणेरच्या फ्लॅटवर पण फिरवा की. ८० लाखांवर मुद्रांक शुल्क ७ टक्के, ५.६० लाख, नोंदणी ३० हजार. ८५.९० लाख झाले. भाडं महिना २२,००० धरा. एक महिना रिकामा, मेंटेनन्स महिना ३,०००, मिळकतकर १५,०००. उरतात १ लाख ९१ हजार. त्यावर कर ५० हजारांच्या आत. हातात १.४१ लाख, म्हणजे १.६५ टक्के. दुबई अजून पुढेच आहे.

काटकोन :
मान्य. फक्त टीसीएसमध्ये वर्षभर पडून राहिलेल्या पैशाचं व्याज त्यातून वजा करा. आणि पुण्यातल्या घरभाडेकरूला बाहेर काढायला विमानाचं तिकीट लागत नाही, हेही धरा.

मुळामुठा :
पुण्यातल्या भाडेकरूला बाहेर काढायला काय काय लागतं यावर वेगळा धागा काढा, हजार प्रतिसाद येतील.

लांबपल्ला :
दुबई आता "उगवती बाजारपेठ" राहिलेली नाही. २००८-०९ मध्ये तिथल्या किमती निम्म्याहून खाली आल्या होत्या आणि २०१४ ते २०२० सलग घसरण होती. पण आज निदान कागद मजबूत आहेत. खरी उगवती म्हणाल तर आग्नेय आशिया, आणि तिथे पहिला प्रश्न भावाचा नाही. परदेशी माणसाच्या नावावर नेमकं काय होतं, हा आहे.

थायलंड : जमीन नाही. कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, मिळतो, पण इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी. तो कोटा संपला असेल तर एजंट तोच फ्लॅट ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गळ्यात मारतो आणि "३० अधिक ३० अधिक ३०" सांगतो. कायद्याने हमी पहिल्या ३० चीच. पैसे परकीय चलनातच थायलंडच्या बँकेत पोचायला हवेत, बाट तिथे करायचे. बँक त्याचा दाखला देते, ५०,००० डॉलर आणि वर असेल तर ठरावीक फॉर्म. भारतातूनच बाट करून पाठवले तर लँड ऑफिसात तुमच्या नावाने नोंद अडते. दिवसाच्या भाड्याने देणं, म्हणजे ३० दिवसांहून कमी, हॉटेल परवान्याशिवाय बेकायदा. फुकेतचा "एअरबीएनबी उत्पन्न" तक्ता बघताना हे लक्षात ठेवा.

बाली : पूर्ण मालकी, तिला हाक मिलिक म्हणतात, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला भाडेपट्टा किंवा वापरहक्क. भाडेपट्ट्याची वर्षं दरवर्षी कमी होतात, म्हणून १० वर्षांनी विकताना तुम्ही २५ पैकी उरलेली १५ विकत असता. तक्त्यात मात्र किंमत वाढतानाच दाखवतात.

व्हिएतनाम : इमारतीतले ३० टक्के फ्लॅट परदेशी लोकांना, मुदत ५० वर्षं, पुढे वाढवून मागता येते. मालकीच्या दाखल्याला पिंक बुक म्हणतात. ते हातात येईपर्यंत काही प्रकल्पांत वर्षं जातात आणि तोवर पुनर्विक्री अवघड.

श्रीलंका : २०१४ च्या कायद्याने परदेशी माणसाला जमीन नाही. फ्लॅट चालतो, पूर्ण रक्कम आधी बाहेरून आणली तर.

नारळीबाग :
बालीत स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन आपल्याकडे बाजूचा करार ठेवायचा, असं सर्रास सुचवतात. त्याचं काय?

लांबपल्ला :
१९६० च्या तिथल्या जमीन कायद्यात तो व्यवहारच रद्दबातल आहे. कोर्टात गेलात तर कोर्ट आधी विचारणार, हा करार केलातच कसा. शेतकरी दाखला नसताना मावळात दुसऱ्याच्या नावावर शेतजमीन घेण्याचा उद्योग पुण्यात माहीत नाही असा माणूस नसेल. तोच प्रकार, फक्त तलाठी बहासा बोलतो.

खर्डेघाशी :
आणि सातबाऱ्यावर नाव चढत नाही ते दोन्हीकडे सारखंच.

गुंठेवारी :
मावळ-मुळशीचा विषय निघालाच आहे तर, ८० लाखांत तिकडे एनए प्लॉट...

टेकडी_रोज :
नको. त्यासाठी चार धागे आहेत.

डोंगरवाट :
जॉर्जियाबद्दल कुणीच लिहिलं नाही. फ्लॅट परदेशी माणसाला सरळ मालकीने मिळतो, शेतजमीन मात्र नाही, २०१८ पासून ते घटनेतच आहे. नोंदणी पब्लिक रजिस्ट्रीत, झपाट्याने होते, आणि मालमत्तेचा उतारा ऑनलाइन कुणालाही बघता येतो. बोजा, जप्ती, गहाण सगळं त्यात दिसतं. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा करारही तिथे नोंदवता येतो. बिल्डर "आमच्या ऑफिसात नोंद आहे" म्हणाला तर समजून घ्या.

भाव विचारताना फ्रेम विचारा. ब्लॅक फ्रेम म्हणजे नुसता सांगाडा आणि बाहेरच्या भिंती. व्हाइट फ्रेममध्ये गिलावा, जमिनीचा कोबा, वीज-पाण्याचे पॉइंट. ग्रीन फ्रेम म्हणजे जवळजवळ तयार. जाहिरातीतला चौरस मीटरचा भाव बहुधा ब्लॅक किंवा व्हाइटचा असतो. फरशी, संडास-बाथरूम, स्वयंपाकघर, फर्निचर, एसी हे सगळं त्यावर. आणि ते करून घ्यायला तिथे माणूस पाहिजे.

बातुमीचा हंगाम जून ते सप्टेंबर. बाकीचे महिने पाऊस आणि रिकाम्या खोल्या. जुलैचं भाडं गुणिले बारा केलेला तक्ता दाखवला तर उठून या.

चक्रवाढ :
"गॅरंटीड" बद्दल. दोन-तीन वर्षांच्या हमीभाड्याची रक्कम बहुतेक वेळा विक्रीच्या किमतीत आधीच घातलेली असते. तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याने परत. त्याच इमारतीतला हमी नसलेला फ्लॅट आणि शेजारच्या इमारतीतला जुना फ्लॅट कितीला जातो ते बघा, फरक तिथेच सापडेल. हमी कोण देतो तेही वाचा. कित्येकदा बिल्डर देत नाही, त्याने काढलेली छोटी व्यवस्थापन कंपनी देते. ती बंद पडली की हमी संपली.

टेकडी_रोज :
हप्त्यांच्या योजना? महिन्याला १ टक्का वगैरे.

हिशेबी :
बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्ते असतील तर प्रत्येक हप्ता त्या त्या वर्षाच्या मर्यादेत, त्या दिवसाच्या दराने, टीसीएससकट. तीन-चार वर्षांत विभागले तर १० लाखांची सूट दरवर्षी मिळते, हा फायदा खरा. अडचण ताबा मिळाल्यावर चालणाऱ्या हप्त्यांची. घर नावावर झालं आणि पैसे द्यायचे राहिले, म्हणजे परदेशातून उधारी घेतली असं फेमाच्या नजरेतून म्हणता येतं. यावर सीए मंडळींत दोन मतं आहेत. तुमच्या बँकेच्या फॉरेक्स विभागाला पहिल्या हप्त्याआधी लेखी विचारा. तिसऱ्या हप्त्याला बँकेने हात वर केले तर दुबईचा बिल्डर थांबत नाही. तिथल्या कायद्याने खरेदीदार चुकला तर बांधकाम किती झालंय त्यावर किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम बिल्डर ठेवून घेऊ शकतो. भरलेल्या रकमेच्या नव्हे, किमतीच्या.

खर्डेघाशी :
हे वाचून चहा गार झाला.

नियमपान :
विवरणपत्राचं कुणीतरी लिहायला हवं. आयटीआर १ विसरा, २ किंवा ३ भरावा लागेल. त्यातल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घराचा पत्ता, खरेदीची तारीख, किंमत, उत्पन्न. लक्षात घ्या, ही माहिती कॅलेंडर वर्षाची असते, आर्थिक वर्षाची नव्हे. भाड्यासाठी तिथे उघडलेलं बँक खातंही वेगळं दाखवायचं. घर लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड. २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला यातून सूट दिली, पण स्थावर सोडून. "खात्यात काहीच नाही, कोण बघतंय" हेही चालत नाही. परदेशी बँका खात्यांची माहिती आपल्या आयकर खात्याला आपोआप पाठवतात, अमिरातीतल्या सुद्धा.

तिकडे कर भरला असेल, उदा. जॉर्जियात घरभाड्यावर ५ टक्के, तर त्याची वजावट इथे मिळते. त्यासाठी वेगळा फॉर्म (आतापर्यंत ६७ क्रमांकाचा) आणि कर भरल्याची पावती.

चौथरा :
विक्रीवर?

नियमपान :
२४ महिन्यांनंतर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. हिशेब रुपयात, म्हणून रुपया पडल्याने झालेली वाढही नफ्यातच धरतात. चौथरा यांनी वर सांगितलेले सव्वातीन टक्के त्यामुळे पूर्ण खिशात येत नाहीत. नफा गुंतवून सूट हवी तर नवं घर भारतातच घ्यावं लागतं.

नारळीबाग :
चलनाची उलटी बाजू पण आहे. मार्च २०२४ मध्ये इजिप्तने पाउंड मोकळा सोडला, डॉलरला ३१ च्या आसपास होता तो थेट ५० च्या जवळ. पाउंडात भाडं घेणाऱ्याचं डॉलरमधलं उत्पन्न एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेलं. घराला तडासुद्धा नाही. तुर्कस्तानात लिराचं हे वर्षानुवर्षं चालूच आहे. किंमत डॉलरमध्ये सांगतात, भाडं मात्र स्थानिक चलनात येतं, हे करारात कुठे लिहिलंय ते शोधा.

लांबपल्ला :
आणि एकाच गिऱ्हाइकावर उभी राहिलेली शहरं टाळा. कंबोडियातलं सिहानुकव्हिल चिनी जुगारधंद्यावर वाढलं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या सरकारने ऑनलाइन जुगाराचे परवाने थांबवले आणि अर्धवट इमारतींचे सांगाडे उरले. मलेशियात जोहोरची फॉरेस्ट सिटी चिनी खरेदीदारांसाठी बांधली. चीनने पैसा बाहेर न्यायला अटकाव केला, खरेदीदार आटले. इमारती तयार, रस्ते तयार, माणसं नाहीत.

नवखा_पण_गप्प :
व्हिसा मिळतो ना पण घराबरोबर?

चौथरा :
दुबईचा १० वर्षांचा गोल्डन व्हिसा २० लाख दिरहमच्या मालमत्तेला. ८० लाख रुपयांत त्याच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत पोचता. आणि तुर्कस्तानसारखं घरासोबत नागरिकत्व कुणी विकत असेल (तिथली अट २०२२ पासून ४ लाख डॉलर आहे), तर ते घेतल्या क्षणी भारताचं नागरिकत्व जातं. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही.

कुलमुखत्यार :
कागदाचा एक मुद्दा राहिला. प्रत्येक सहीला जाणं परवडणार नाही, म्हणून मुखत्यारपत्र करता. जॉर्जियासाठी नोटरी करून अपोस्टील (आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणारा एकच साक्षांकनाचा शिक्का) पुरतं. अमिराती त्या करारात नाहीत, म्हणून नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्यांचा दूतावास, अशी साखळी. शिवाय तिथे अरबी भाषांतर लागतं. मुखत्यारपत्र मालमत्तेचा क्रमांक घालून, मुदत घालून करा. "खरेदी, विक्री, रक्कम स्वीकारणे" असं सरसकट एजंटला देऊ नका. विक्रीचा अधिकार द्यायचाच तर रक्कम फक्त मालकाच्या खात्यात, अशी ओळ घाला.

टेकडी_रोज :
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. १० वर्षांनी विकताना घेणारा कोण?

काटकोन :
खरा प्रश्न हाच. प्रदर्शनात विकतात तो फ्लॅट नव्या बिल्डरचा, हप्त्यावर आणि हमीभाड्यासकट. दहा वर्षांनी तुमच्याकडे यातलं काहीच नसणार आणि शेजारी नवा बिल्डर पुन्हा हप्ते, हमी घेऊन उभा असणार. म्हणून नवा घेण्याआधी त्याच भागातले ८-१० वर्षं जुने स्टुडिओ किती दिवसांत आणि कितीला गेले ते बघा. दुबईत लँड डिपार्टमेंटचे प्रत्यक्ष नोंदलेले व्यवहार बघायला मिळतात. जाहिरातीतला मागणीभाव धरू नका. थायलंडमध्ये परदेशी कोट्यातला फ्लॅट परदेशी माणसालाच विकलात तर जास्त येतो. तिथल्या माणसाला शेजारचा थाई कोट्यातला फ्लॅट स्वस्तात मिळत असतो.

माझं मत : ८० लाखांत घ्यायचाच तर तयार, भाडेकरू बसलेला, जुन्या इमारतीतला, दुबईत. हप्त्याचा नाही. बातुमी आणि बालीचे पैसे गेले तरी चालतील असेच.

मुळामुठा :
असहमत. एवढ्या रकमेत एकच स्टुडिओ म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत. १४ लाख टीसीएसमध्ये अडकवून घर घेण्यापेक्षा हप्त्यावरचं, पण ताब्याआधी संपणारं, बरं.

काटकोन :
मग बिल्डर बुडाला तर टोपली पण गेली.

कुलमुखत्यार :
दोघांचं भांडण चालू द्या, विकणाऱ्यासाठी दोन गोष्टी. दुबईत विकताना आधी बिल्डरची एनओसी लागते आणि सर्व्हिस चार्ज थकलेला असेल तर ती मिळत नाही. दरवर्षीच्या पावत्या जपा. आलेले पैसे १८० दिवसांत भारतात आणायचे किंवा परदेशातच पुन्हा नियमात बसेल तिथे गुंतवायचे. नुसते खात्यात ठेवायचे नाहीत.

नारळीबाग :
आणि मालकच दरम्यान गेला तर? इथलं मृत्युपत्र चालतं का?

कुलमुखत्यार :
आपोआप नाही. दुबईत बिगरमुस्लिमांना डीआयएफसीकडे (स्वतःची कोर्टं असलेलं तिथलं वित्त केंद्र) २०१५ पासून मृत्युपत्र नोंदवता येतं. ते नसेल तर वारसांना इथले दाखले साक्षांकित करून, अरबीत करून तिथल्या कोर्टात जावं लागतं आणि तोवर घर विकता येत नाही. जॉइंट नाव असलं तरी दुसऱ्याला आपोआप मिळत नाही, मयताचा हिस्सा वारसाहक्कानेच जातो. नोंदणीची फी आहे, पण खरेदीच्या खर्चातच धरून टाका.

टेकडी_रोज :
काटकोन, जुन्या स्टुडिओंचे सर्व्हिस चार्ज इमारतीनुसार कुठे बघायचे? फुटाला १५ चे २२ झाले तर वरचं गणित बदलतं.

काटकोन :
लँड डिपार्टमेंटच्या संकेतस्थळावर सर्व्हिस चार्ज इंडेक्स आहे, प्रकल्पाचं नाव टाकलं की मंजूर दर दिसतो. २२ धरले तर ४०० फुटांना ८,८००. हातात ९,७०० ऐवजी ६,९००. दोन टक्के.